अठ्ठाविसाव्या किलोमीटरला पायांतलं बळ जातं कुठे?

चाळीस किलोमीटरची फेरी, दर रविवारी, पहाटे. सायकल घेऊन चार महिने झाले होते आणि सलग सहा रविवार एकच गोष्ट घडत होती. पंचवीस किलोमीटरपर्यंत मी मजेत असायचो. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला एक लहान पूल लागतो. तो आला की कोणीतरी मागून कॅरिअर धरून ओढतंय असं वाटायला लागायचं. दुखत काही नसायचं, दमही लागलेला नसायचा. फक्त पेडलवर जोर दिला तरी पाय खाली जायला तयार नसायचा. त्याच्यासोबत मनही बसायचं. ऊन उगाच डोळ्यांत येतंय, पुढच्याची चेन उगाच कुरकुरतेय, हे खूळ आपण डोक्यात घेतलंच कशाला, असं सगळं. उरलेले बारा किलोमीटर मी तासभर रखडत काढायचो आणि घरी येऊन समोर दिसेल ते खात सुटायचो.

ज्याला सांगावं त्याचं निदान एकच: स्टॅमिना कमी आहे, वाढेल हळूहळू. हे चूक नव्हतं, पण त्याचा उपयोगही नव्हता. ताप आलेल्याला ‘अंग गरम लागतंय’ म्हणून सांगण्यासारखं ते. मग मी माझे उपाय सुरू केले. टायरमध्ये हवा भरली. चेन धुऊन तेल दिलं. सीट बोटभर वर घेतली. जिममध्ये स्क्वॉट्स मारले. प्रोटीन पावडरचा डबा आणला. यातल्या पहिल्या तीन गोष्टी तुम्हीही करून घ्या, कारण हवा कमी असलेलं टायर आणि बुटकी सीट फुकटची ताकद खातात. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला, म्हणजे २५ ते ३५ अंशांच्या कोनात हवा. पण हे सगळं करूनही पाय त्या पुलापाशीच गळत राहिले.

उलगडा झाला तो योगायोगाने. एका रविवारी रस्ता अडवलेला होता म्हणून मी तीच फेरी उलट्या दिशेने मारली. पूल बाराव्या किलोमीटरला आला आणि कधी मागे पडला ते कळलंही नाही. पाय गळाले ते एका सपाट, सावलीच्या, वारा नसलेल्या रस्त्यावर. मीटर पाहिला: २८.४. म्हणजे दोष पुलाचा नव्हता, चढाचा नव्हता आणि वाऱ्याचाही नव्हता. ताशी वीसच्या वेगाने २८ किलोमीटर म्हणजे जवळपास ८५ मिनिटं. माझी अडचण जागेवर नाही, घड्याळावर चालत होती.

तुमची अडचण ‘स्टॅमिना’ या नावाने ओळखली जात असेल तर आधी ती घड्याळावर चालते की रस्त्यावर, एवढं शोधा. चढ आला की पाय पेटतात आणि सपाटीवर पाच मिनिटांत निवतात, असं असेल तर ती गिअरची किंवा वेगाची गोष्ट आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच धाप लागते आणि नंतर बरं वाटतं, तर तुम्ही अंग तापायच्या आत सुसाट सुटता आहात. पहिल्या किलोमीटरपासूनच पाय लाकडासारखे असतील, तेही दोन-तीन राइड सलग, तर झोप, विश्रांती किंवा आठवडाभराचं एकूण खाणं अपुरं आहे. आणि सव्वा ते दोन तासांच्या मध्ये कुठेतरी एकदम दिवे गेल्यासारखं होतं, हात थरथरतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं, तर टाकी रिकामी झाली आहे. सायकलवाले याला ‘बाँक होणं’ म्हणतात. नवख्यांना सर्वात जास्त छळणारा प्रकार हाच, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

टाकी किती मोठी असते

शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम. एका ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर हा सगळा साठा दोन हजार कॅलरींच्या आसपास जातो. चरबीत मात्र किलोमागे सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवसांचं इंधन अंगावर असतं. पण चरबी सावकाश जळते. जोर जितका जास्त, तितका साखरेचा वाटा वाढतो आणि चरबीचा घटतो.

आता हिशेब करू. पेडलवर सरासरी १५० वॅट देणारा माणूस तासाला ५४० किलोज्यूल काम करतो. शरीराची कार्यक्षमता पाव-बिव असल्यामुळे एक किलोज्यूल काम म्हणजे ढोबळमानाने एक कॅलरी खर्च, असा सोपा ठोकताळा बसतो. तेव्हा तासाला ५४० कॅलरी. नवखा माणूस या जोराला दमछाक करत चालवत असेल तर त्यातला बहुतेक भाग कर्बोदकांतून येतो, म्हणजे तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास. दीड तासात दीडशे. मग चारशे ग्रॅमची टाकी संपली कशी?

इथे एक मेख आहे, आणि ती कळली तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. स्नायूंतलं ग्लायकोजेन ज्या स्नायूत आहे तिथेच वापरता येतं. ते मोकळं करून रक्तात सोडण्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतं, यकृताकडे असतं. म्हणजे खांद्यांत आणि दंडांत पडून असलेला साठा पायांना उसना मिळत नाही. सायकल चालवतात मांड्या. त्यांच्या वाट्याचं संपलं की रक्तातल्या साखरेवर भिस्त, आणि ती साखर पुरवणारं यकृत रात्रभर मेंदूला पोसून आधीच निम्मंअधिक रिकामं झालेलं असतं. मेंदू एकटाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, झोपेतसुद्धा.

मग मी माझा आदल्या दिवसाचा शनिवार आठवून पाहिला. सकाळी पोहणं, दुपारी नेहमीचं जेवण, रात्री आठ वाजता ‘वजन उतरवायचंय’ म्हणून एक वाटी सूप आणि सॅलड. रविवारी पहाटे काळी कॉफी आणि थेट सायकल. सोबत पाण्याची एक बाटली, तीही निम्मी परत यायची. या भांडवलावर मी ८५ मिनिटं टिकत होतो हेच खरं तर आश्चर्य.

आधी खात्री करा, मग उपाय

पुढच्या वेळी पाय गेले की थांबा. झटकन पचणारं २५-३० ग्रॅम गोड पोटात घाला, चार घोट पाणी प्या आणि दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसा किंवा अगदी सावकाश चालवा. अंगात जीव परत आला, चिडचिड ओसरली, तर दोष इंधनाचा. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधा.

यात एक गंमत आहे. गोड जिभेवर पडताक्षणीच बरं वाटतं, साखर रक्तात पोचायच्या कितीतरी आधी. तो भास नाही. २००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकांचं पाणी नुसतं तोंडात खुळखुळवून थुंकायला लावलं होतं, आणि तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, ते जवळपास तीन टक्क्यांनी वेगवान ठरले. तोंडातूनच मेंदूला ‘रसद येतेय’ अशी वर्दी जाते. म्हणून पहिल्या मिनिटाच्या बऱ्या वाटण्यावर निदान करू नका, पंधराव्या मिनिटाला करा.

हे काही नवं ज्ञान नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी धावपटूंच्या रक्तातली साखर तपासली. शेवटी जे पार गलितगात्र होऊन आले त्यांची साखर तळाला गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं आणि शर्यतीत गोळ्या-चॉकलेटं खायला दिली, आणि ते चांगल्या अवस्थेत पोचले. शंभर वर्षं झाली त्याला. तरी आपण रिकाम्या पोटी निघतो, आणि वर त्याला शिस्त म्हणतो!

काय, किती, कधी

आदल्या रात्री उपाशी झोपायचं नाही. भात, बटाटा, पास्ता, ब्रेड, जे तुमच्या पोटाला सवयीचं आहे ते पोटभर. वेगळं काही नको. शर्यतीआधी ताट भरभरून खाण्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्या चाळीस किलोमीटरला लागू नाहीत.

सकाळचा ढोबळ नियम असा: निघायला जितके तास आहेत, वजनाच्या दर किलोला तितके ग्रॅम कर्बोदकं. तीन तास असतील तर किलोला तीन ग्रॅम, एकच तास असेल तर एक. सत्तर किलोच्या माणसाला तासभर आधी सत्तर ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि ब्रेडचा एक स्लाइस. पहाटे उठून खाववत नाही हे मला मान्य आहे, मलाही खाववायचं नाही. मी एका केळ्यापासून सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत पोट सरावलं.

इथे मी एकदा तोंडावर आपटलो. उत्साहाच्या भरात निघण्याच्या चाळीस मिनिटं आधी मोठा पेलाभर गोड सरबत प्यायलो आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच हात कापायला लागले. गोड खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं. त्याच वेळी व्यायाम सुरू झाला की स्नायूही स्वतःहून साखर ओढायला लागतात, आणि दोन्हीकडून ओढ लागल्यावर रक्तातली साखर घसरते. सगळ्यांना हे होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांचंही बहुतेकदा थोड्या वेळात सावरतं. तुम्हाला होत असेल तर गोड एक तर सायकलवर बसताना खा, नाही तर पुरेसं आधी खा. ती मधली अर्धा ते पाऊण तासाची वेळ टाळा.

राइडवर मात्र भुकेची वाट पाहायची नाही. माझ्या हातून वर्षभरात सर्वात जास्त वेळा झालेली चूक हीच. भूक लागते तोवर उशीर झालेला असतो, कारण खाल्लेलं पोटातून पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो. सव्वा तासापेक्षा लांब राइड असेल तर पहिला घास तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला, पोट भरलेलं वाटत असलं तरी. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, लहान खजुरात पाच-सहा, ब्रेडच्या स्लाइसमध्ये बारा-पंधरा. दर चाळीस मिनिटांनी एक केळं एवढं साधं ठेवलं तरी काम भागतं. चावायचा कंटाळा असेल तर अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, म्हणजे सात लहान चमचे, आणि चिमूटभर मीठ. वर लिंबू पिळलं तर चव येते. यापेक्षा दाट करू नका. दाट सरबत जठरात रेंगाळतं, मळमळतं, आणि दोष मात्र उन्हाला लागतो.

मोठे सायकलपटू तासाला ९० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त खातात, ते वाचून भुलू नका. आतड्यात ग्लुकोज आत घेणारी दारं तासाला साठेक ग्रॅमला भरून जातात. त्यापुढचं फ्रुक्टोजच्या वेगळ्या दारातून घ्यावं लागतं, आणि त्याचा सराव करावा लागतो. तीन तासांच्या आतल्या राइडला याची गरज नाही. उलट बाजूही सांगतो: तासाभराच्या आत संपणाऱ्या राइडला वाटेत काहीच खायची गरज नाही, पाणी पुरे. पंधरा किलोमीटरसाठी एनर्जी जेलची पाकिटं फोडणारे लोक मी पाहिले आहेत.

खाऊन पोट बिघडत असेल तर प्रमाण अर्ध्यावर आणा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. आतडीसुद्धा सरावाने शिकतात. राइडच्या आधी आणि राइडवर तेलकट, तुपकट आणि भरपूर चोथा असलेलं नको. एरवी ते उत्तमच.

केळी खाल्ली, तरी पाय गळाले

हे माझंही झालं. खाणं सुधारल्यावर अठ्ठाविसाचा अडथळा गेला आणि तेहतिसाव्याला नवा उभा राहिला. या वेळी हात थरथरत नव्हते, गोड नकोसं वाटत होतं, पण मांड्या दगड झाल्या होत्या. राइडच्या नोंदींच्या वहीत पाहिलं तर पहिल्या दहा किलोमीटरचा सरासरी वेग २४ आणि शेवटच्या दहाचा १६. कारण लाजिरवाणं होतं: सुरुवातीला मी ग्रुपमधल्या जुन्या लोकांच्या मागे लागायचो.

सपाट रस्त्यावर आपण मुख्यतः हवेशी झुंजत असतो आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वीसऐवजी चोवीस, म्हणजे वेग २० टक्क्यांनी जास्त, पण हवेसाठीची ताकद ७० टक्क्यांहून जास्त. ती ताकद येते महागड्या इंधनातून. पहिल्या अर्ध्या तासात मिळवलेली चार-पाच मिनिटं मी शेवटी व्याजासकट फेडत होतो.

यावर मीटर, पट्टा, घड्याळ काहीही नको. बोलून पाहा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. नाडीचा पट्टा असेल तर ‘२२० वजा वय’ या सूत्रावर फार विसंबू नका, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पहिले वीस मिनिटं तर इतकं सावकाश चालवा की लाज वाटेल. ग्रुप पुढे गेला तर जाऊ द्या. परतीच्या वाटेवर त्यातले दोघं-तिघं भेटतात.

गिअरचंही तेच. नवखा माणूस जड गिअरमध्ये मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या मारत बसतो, कारण त्यात ‘जोर लागतोय’ असं वाटतं. दर फेरीला जितका जास्त जोर, तितके लवकर थकणारे आणि साखर जास्त खाणारे स्नायूतंतू कामाला लागतात. एक-दोन गिअर हलके करा आणि ऐंशीच्या आसपास फेऱ्या ठेवा. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस वेळा वर आला की झालं. आधी पाय नुसतेच भिरभिरतात आणि माणूस सीटवर उड्या मारतो, दोन-तीन आठवड्यांत ते जातं. चढ यायच्या आधी गिअर उतरवा, चढावर आल्यावर नको.

पाणी

तासाला अर्धा लिटर ते दोन लिटर इतका घाम जाऊ शकतो. माणसागणिक आणि हवामानागणिक तो इतका बदलतो की ‘तासाला एक बाटली’ हा सल्ला अर्ध्या लोकांना कमी पडतो आणि उरलेल्यांना जास्त होतो. स्वतःचा आकडा काढणं मात्र सोपं आहे. निघताना कमीत कमी कपड्यांत वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. जितकं घटलं तितका घाम, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. दोन तासांत वजन ०.९ किलोने घटलं आणि पाऊण लिटर पाणी प्यायलं असेल, तर घाम साधारण दीड लिटरच्या पुढे, म्हणजे तासाला आठशे मिलीच्या आसपास. हे सगळं भरून काढायचं नाही, फक्त घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायची. सत्तर किलोला ती १.४ किलो होते.

परत आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर ते वाईट लक्षण समजा. भीतीपोटी ढसाढसा नुसतं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते तहानेपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. तहान लागेल तसं प्या, लांब राइडला पाण्यात थोडं मीठ टाका.

पायात गोळे आले की लोक लगेच मिठाकडे बोट दाखवतात. कधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा गोळा येतो तो सवयीपेक्षा जास्त जोर लावून थकलेल्या स्नायूला. थांबून तो स्नायू ताणा, आणि वेगाचा मघाचा परिच्छेद पुन्हा वाचा.

घरी आल्यावर, आणि उरलेले सहा दिवस

परत आल्यावर स्नायू साखर ओढून घ्यायला आसुसलेले असतात. तास-दीड तासात नीट जेवा, ज्यात कर्बोदकं असतील आणि २०-२५ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. टाकी पुरती भरायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणून शनिवारी जोरात आणि रविवारी लांब हा माझा आधीचा बेत मुळातच फसलेला होता. दिवसभरात वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. प्रोटीन पावडरचा तो डबा वाईट नव्हता, पण माझ्या आजाराचं ते औषध नव्हतं.

वजन उतरवायचं असेल तर कात्री राइडच्या आसपासच्या खाण्याला लावू नका. विश्रांतीच्या दिवशीच्या खाण्याला लावा, तीही बेताने. राइडवर उपास करून वाचवलेल्या दोनशे कॅलरी मी घरी आल्यावर सहाशेने वसूल करायचो. बायकोच्या लक्षात ते माझ्या आधी आलं होतं.

राहिला प्रश्न खऱ्या स्टॅमिनाचा. तो वाढतो, आणि सुरुवातीला पटापट वाढतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी होतात. स्नायूंच्या पेशींतले ऊर्जेचे कारखाने, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढायला आणखी काही आठवडे लागतात. १९६७ मध्ये जॉन हॉलोझी यांनी कित्येक आठवडे पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत या कारखान्यांची क्षमता जवळपास दुप्पट झालेली दाखवली. कारखाने वाढले की त्याच वेगाला चरबी जास्त जळते, साखर वाचते, आणि तीच टाकी लांबवर पुरते. म्हणजे खाणं आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

त्यासाठी आठवड्यातून एकदा जीव तोडून चालवण्यापेक्षा तीन-चारदा आरामात चालवलेलं बरं. बहुतेक राइड बोलता येईल अशा वेगाने, एखादीच धाप लावणारी. लांब राइड दर आठवड्याला दहाएक टक्क्यांनी वाढवा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. हा दहा टक्क्यांचा आकडा ठोकताळा आहे, त्यावरून भांडू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एका रविवारी सीट, नाश्ता आणि गिअर तिन्ही बदलले होते. राइड झकास झाली, पण कशाने ते कळायला पुढचे तीन रविवार गेले.

महिना-दीड महिना हे सगळं नीट करूनही थकवा जात नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही पाहा, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिता असू शकतो, विशेषतः पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये. कमी खाऊन जास्त सायकल चालवत असताना पाळी अनियमित झाली तर तो शरीराने दिलेला स्पष्ट इशारा आहे. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर वरचे खाण्याचे आकडे तसेच उचलू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि राइडवर छातीत दुखलं, भोवळ आली, तर ते बाँक नव्हे. तिथेच उतरा आणि मदत बोलवा.

माझी वही अजून चालू आहे, पण वाटेत किती खाल्लं ते आता आठवून लिहीत नाही. केळ्यांच्या साली जर्सीच्या मागच्या खिशात टाकतो आणि घरी येऊन मोजतो. आठवण फसवते, साली फसवत नाहीत. गेल्या महिन्यात साठ किलोमीटरच्या राइडला पंचेचाळिसाव्यानंतर पुन्हा तेच झालं. कॅरिअर धरून कोणीतरी ओढायला लागलं, ऊन डोळ्यांत यायला लागलं, पुढच्याच्या चेनचा राग आला. मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत होतो की आज वारा तोंडावर होता. घरी येऊन खिसा उलटा केला, तर एकच साल निघाली.